राणीचा तांबडा घोडा

दहावीला मला इतिहासात अडतीस गुण होते. तरीही आमच्या वस्तीचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण त्या बावीस घरांत दहावी झालेली मी एकटीच होते आणि गुणपत्रिका बघायला कुणी मागितली नव्हती. माझं नाव बेबी. शाळेच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर, लग्नपत्रिकेवर, सगळीकडे बेबीच. माझी नात आता दुसरीत आहे. माझं नाव कुणी घेतलं की ती पोट धरून हसते, आणि मला त्याचा राग येत नाही. कारण ज्या बेबीबद्दल लिहायला मी आज बसले आहे तिला आठवलं की मलाही तसंच हसू येतं. हाडकुळी, दोन वेण्या, ओढणीला पिन आणि पिनेशेजारी खोचलेलं शाईचं पेन. पेनात शाई असायचीच असं नाही.

तीन वर्षं मी आसनगावला मामाकडे राहून शिकले होते. मामाच्या चाळीशेजारी एक वाचनालय होतं, तिथली ऐतिहासिक कादंबऱ्यांची अख्खी फळी मी संपवली होती. भूमिती करायच्या वेळेत संपवली होती, हे गुणपत्रिकेत दिसत होतंच. परत वस्तीवर आले ती शुद्ध बोलायचा वसा घेऊन. आय म्हणायची, "हंड्यात पानी नाय." मी म्हणायचे, "नाय नव्हे आय, नाही." एकदा आयनं हंडा माझ्या पायाशी आणून ठेवला आणि शांतपणे विचारलं, "नाही म्हटलं का भरतो काय गो?" मी हंडा घेऊन गेले, पण उतारावरून जाताना मनातल्या मनात तिला माफही केलं. तेव्हा मी अशा बऱ्याच लोकांना माफ करत असे.

आमची वस्ती धरणाच्या पाण्याच्या काठावर, टेकडीच्या कमरेला. नाव वरची पांगारी. वरची म्हणायचं, कारण खालची पांगारी पाण्यात होती. पण तिथं कुणी 'बुडाली' असं म्हणत नसे. 'खाली आहे' म्हणत. आमची विहीर खाली आहे, गणूदादाची चिंच खाली आहे, देवीचा चौथरा खाली आहे. जसं काही माळ्यावरून हाक मारली तर खालच्या ओटीवरून कुणी ओ देईल. लहानपणी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तळं माझ्याहून दोन-तीन पावसाळ्यांनीच मोठं होतं, हे मला ठाऊक होतं. पण पोरांना आपल्याआधीचं सगळं सारखंच जुनं वाटतं. आजीचं लग्न, डोंगर आणि धरण, सगळं एकाच दिवशी झालं असावं असा माझा हिशेब.

घर थोरल्या काकीच्या ताब्यात. ती माझ्या बाच्या थोरल्या भावाची बायको. काका गेल्यावर तिनं कासोटा घट्ट केला आणि आमच्या सगळ्यांवर राज्य चालू केलं. बा वीटभट्टीवर जायचा, आय शेतावर, आणि घरात काय शिजायचं, कुणाला किती वाढायचं, कोणती खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायची हे काकी ठरवायची. पहाटे पहिला आवाज तिच्या मुसळाचा. तेव्हा शेजारच्या गावात भाताची गिरणी आली होती, सगळ्या वस्तीचं भात गिरणीत जायचं, पण काकी मिरची, नाचणी, पोह्यांचं भात असलं काहीबाही उखळात कांडतच असायची. दुसरा आवाज पाण्याचा. वारा नसला तरी काठाशी पाणी चुळचुळ करायचं, जेवून उठलेला माणूस दात कोरतो तसं. आणि वारा उंबरमाळीकडून आला तर घाट चढणाऱ्या गाडीचा घोगरा भोंगा. तो ऐकला की बा म्हणायचा, गाडी आली, आणि आम्ही कुणी कुठंही जाणार नसताना सगळे क्षणभर थांबायचे.

खायला तांदळाची भाकरी, सुकट, तळ्यातले मासे, आणि वाल. वालाचं बिरडं काकीच्या हातचं. वाल भिजवून, मोड आणून, सोलून, सगळी सालं अंगणात एका बाजूला. त्या सालांवर कोंबड्या आणि कोंबड्यांवर काकीचा डोळा. हे वाल आमच्या स्वतःच्या मातीतले असायचे, आणि ती माती अर्धं वर्ष पाण्याखाली असायची. दिवाळीपासून धरणाचं पाणी उतरायला लागतं. जसं उतरतं तसा काळा गाळ उघडा पडतो, आणि त्या गाळात बी टाकलं की नांगराचीही फार गरज नाही. याला गाळपेर म्हणतात. आधी वरच्या पट्ट्यात वाल. माघात खालचा सपाट माळ उघडा पडला की काकडी, कलिंगड, चवळी. टेकडीवरच्या खडकाळ तुकड्यांत आमचं पावसाळ्यापुरतं भात व्हायचं. उरलेलं वर्ष आम्ही त्या गाळावर जगत होतो. गाळ गेला तर वस्ती उठली, इतकं ते सरळ होतं. मला सोडून हे सगळ्यांना कळत होतं.

त्या माळावर बांध नव्हते. पाण्याखाली बांध टिकत नाहीत. मग कुणाचा तुकडा कुठला हे कसं कळायचं? तर उखळावरून. खालच्या गावातली घरं मोडून वर आणली तेव्हा लोकांनी वासे आणले, कौलं आणली, दारं आणली, मुसळं आणली. पण उखळ म्हणजे घराच्या भुईत पक्का बसवलेला दगड, ते कसं उपटणार? बावीस उखळं खाली राहिली, वर नवी बसवली. माघात ती उघडी पडली की प्रत्येक घरची बाई आपल्या उखळातला गाळ काढायची, धुवायची, त्यात मूठभर वाल टाकायची, वर दगडाची चीप ठेवून मातीनं लिंपायची. मग उखळाच्या चहूबाजूला त्या घरची पेरणी. वाल तसेच आत राहायचे पुढच्या माघापर्यंत. का, म्हणून मी विचारलं तेव्हा काकी म्हणाली, "घर रिकामं ठेवू नये." मामाकडून शिकून आल्यावर मला हा प्रकार भारीच गावंढळ वाटायला लागला होता. चिखलात बसून दगडाला जेवू घालायचं म्हणजे काय.

त्या वर्षी दिवाळीआधी धरणाच्या शहापूरच्या ऑफिसातून निरोप आला की गाळपेर आता तोंडी चालणार नाही. ज्यांची घरंदारं धरणात गेली त्यांनी तसं लिहून द्यायचं, कुठून आलो, कसे आलो. त्यांचा हक्क पहिला. ज्यांचं काही गेलेलं नाही त्यांचा हक्क नाही, मग जो मागेल त्याला जमीन. आणि मागणारा होता. तालुक्याकडचा एक बागायतदार जीपमधून येऊन माळ बघून गेला होता. त्याला सगळा सपाट तुकडा कलिंगडाला हवा होता. वस्तीतले जुने कागद निम्मे वाळवीनं खाल्लेले, निम्मे कुणाकुणाला दाखवायला म्हणून दिले ते परत आलेच नव्हते. तेव्हा संध्याकाळी आमच्या अंगणात माणसं जमली आणि गणूदादानं, म्हणजे वस्तीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसानं, माझ्याकडे बोट केलं. "बेबी लिवील. तिच्याकडं पेन हाय."

मी वही उघडून बसले आणि म्हटलं, सांगा. ते सांगायला लागले. खाली होतो. पाणी येणार म्हणाले. पाणी आलं. वर आलो. झालं. मी वाट बघितली, अजून काही येईल म्हणून. कुणीतरी म्हणालं, वर येताना गणूदादाची म्हैस व्याली, तेवढं लिही. मी पेन खाली ठेवलं. एवढ्याशा गोष्टीला इतिहास म्हणायचं? ना लढाई, ना दगाफटका, ना कुणी ताम्रपट दिलेला. मी फळीभर कादंबऱ्या वाचून आले होते, आणि माझ्या माणसांकडे एक म्हैस होती.

मी त्यांना म्हटलं, तुम्ही जा, मी व्यवस्थित मांडते. आणि दोन दिवस माळ्यावर बसून मी व्यवस्थित मांडलं. फुलस्केपची तीन पानं. एक राणी मोहिमेवरून परतताना या टेकडीवर मुक्कामाला थांबली. तिचा घोडा तहानलेला. मी घोडा तांबडा लिहिला, कारण पांढरा घोडा सगळ्यांचाच असतो, आणि मला स्वतंत्र प्रतिभा होती. घोडा या तळ्याचं पाणी प्यायला, राणी प्रसन्न झाली, आणि आमच्या पूर्वजांना म्हणाली की तुम्ही याच टेकडीवर, याच तळ्याच्या काठी सुखानं नांदा. 'तेव्हापासून आम्ही शतकानुशतके याच जागी वास्तव्य करून आहोत.' शतकानुशतके हा शब्द मी दोनदा लिहिला. धरण हा शब्द एकदाही लिहिला नाही. तो मला रुक्ष वाटला.

माझ्या बचावासाठी एवढंच सांगते की मी ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं होतं आणि कुणीही मला थांबवलं नाही. उलट गणूदादानं टोपी काढून हातात घेतली. आपल्याकडे राणी येऊन गेली आणि आपल्याला कुणी सांगितलंही नाही, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. ऑफिसच्या कागदात काय असतं हे त्यांना कुठं ठाऊक. त्यांना वाटलं, शिकलेल्यांच्या भाषेत पाणी आलं, वर आलो, हे असंच लिहीत असतील. फक्त काकी वाल सोलता सोलता म्हणाली, "घोडं बांदलं कुठं म्हनं?"

"या आंब्याला," मी अंगणातल्या झाडाकडे हात केला.

"तो तुज्या बान लावलाय," काकी म्हणाली आणि पुढचा वाल उचलला. लोक हसले, मी पान उलटलं, आणि शेवटी सगळ्यांनी एकाखाली एक अंगठे उठवले. काकीनंही उठवला. त्याबद्दल मी तिला पुढं पुष्कळ वर्षांनी छेडलं तर म्हणाली, पोरगी इतका वेळ माळ्यावर बसली होती, तिचा हिरमोड कशाला करायचा. म्हणजे बावीस घरांची जमीन एका पोरीच्या हिरमोडापायी पणाला लागली. आजी झाल्यावर मला हे पटतं. मीही नातीसाठी याहून मोठा मूर्खपणा केला आहे.

तीन आठवड्यांनी बोलावणं आलं. बा, गणूदादा आणि मी शहापूरला गेलो. मी इस्त्रीचा ड्रेस घातला होता, कारण लेखिकेला बघायचं असणार असा माझा समज. टेबलामागं एक चष्मेवाले साहेब होते, उन्हानं भाजलेले, सर्दी झालेले. त्यांनी माझी तीन पानं समोर ठेवली, रुमालानं नाक पुसलं आणि विचारलं, कुणी लिहिलं? मी उभी राहिले. ते म्हणाले, अक्षर सुंदर आहे. मग बाच्या दिशेनं वळून अगदी शांतपणे बोलले, "तुम्ही शतकानुशतके त्याच टेकडीवर आहात, असं तुम्हीच लिहून दिलंय. बावीस अंगठे आहेत. मग तुमचं पाण्यात गेलं काय?"

गणूदादा म्हणाला की साहेब, आमचं सगळं खाली हाय. साहेब म्हणाले, असेल, पण कागद म्हणतो नाही. अजून एक संधी देतो, पुरावा असेल तर दाखवा, नाहीतर पुढच्या माणसाचा अर्ज आहेच. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मला निदान रडता आलं असतं. परतताना नाक्यावर उतरल्यावर बा नेहमी मला भजी घेऊन द्यायचा. त्या दिवशी भज्यांच्या गाडीवरून तो असा गेला जणू तिथं गाडीच नाही.

घरात आय ताट वाढायची आणि ताट खाली ठेवताना नेहमीपेक्षा जरा जोरात ठेवायची. पण वस्तीतली पोरं हुशार. मी पाण्याला निघाले की कुडाआडून घोड्यासारखं खिंकाळायची. एक खिंकाळला की पुढच्या घरचा, मग त्याच्या पुढचा, असं माझ्याबरोबर खिंकाळणं काठापर्यंत यायचं. मी मान ताठ ठेवून चालायचे आणि मनात म्हणायचे, अडाणी लोक. मग एका संध्याकाळी घरी आले तर बा अंगणात त्या आंब्याखाली बसला होता आणि गणूदादाला विचारत होता की वीटभट्टीवर कुटुंबकबिल्यासकट राहायला खोपटी मिळते का. ते मी ऐकलं. भट्टीवरची खोपटी मी बघितली होती. त्या रात्री जेवताना मला वाल गिळवला नाही, आणि काकी म्हणाली, "आता कळलं व्हय? उद्या कागद काड."

दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं आणि मी लिहिलं. ती चुलीपुढं, मी पाटावर. ती मधेच फुंकणीनं जाळ करायची, मग एक वाक्य बोलायची. मी लिहून झाल्यावर तिनं वाचायला लावलं. शेवटी मी 'तरी कृपया पाहणी करावी ही नम्र विनंती' असं जोडलं होतं. काकी म्हणाली, "ह्ये मी बोलले?"

"नाही."

"मंग काड."

उरलं ते एवढं: आम्ही खाली राहत होतो. पाणी आलं म्हणून वर आलो. आमची उखळं खाली आहेत. माघात पाणी उतरतं. तेव्हा येऊन बघा. आधी लिहिलं ते पोरीचं आहे, आमचं नाही. सहा ओळी, एका ओळीचा एक श्वास. आज इतकं लिहून मी दमले आहे, पण तसं सहा ओळींत मला अजून लिहिता येत नाही.

माघात साहेब आले, मोटरसायकलवरून, डोक्याला रुमाल बांधून. पण त्या वर्षी पाणी हट्टी निघालं. दरवर्षी एव्हाना सगळा माळ उघडा पडायचा, त्या वर्षी निम्माच. अकरा-बारा उखळं दिसत होती, बाकीची पाण्यात. आमचं तर गुडघाभर पाण्याखाली. आदल्या दिवशी गणूदादा म्हणाला होता की उघडी पडलेली तेवढी साफ करून ठेवू, पण काकीनं कुणाला हात लावू दिला नाही. म्हणाली, सायबांसमोर काय ते. माळावर भेगाळलेला चिखल, त्यातून जागोजागी उखळाच्या कडा, आणि प्रत्येक उखळाशी एक बाई हातात मुसळ घेऊन उभी. ज्यांची उखळं पाण्यात होती त्या काठाशी रांगेनं. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं की साहेबांना झोडपायचीच तयारी आहे. साहेबांनाही क्षणभर तसं वाटलं असावं, कारण ते उतारावर थांबले आणि त्यांनी बाला आधी पुढं जाऊ दिलं.

काठावरच्या दोन उखळांच्या चिपा पाण्यानं सरकून आतलं सगळं धुऊन गेलं होतं, साहेबांनी ती दोन बघितली. मग म्हणाले की दगडाला खळगा आहे हे खरं, पण खळगा कुणीही पाडू शकतो. हे तुमचंच कशावरून?

काकी पुढं झाली. साहेबांपुढं तिचा आवाज एकदम गोड झाला होता. तो मी आधी फक्त कोंबडी पकडताना ऐकला होता. "सायेब, मुसळ आनि उखळ नवराबायकोवानी असत्यात. कांडून कांडून येकमेकांच्या मापाचे व्हतात. दुसऱ्याचं बसत नाय." तिनं शेजारणीचं मुसळ घेऊन शेजारणीच्याच रिकाम्या उखळात घातलं, ते नीट बसलं. मग आमच्या घरचं मुसळ त्याच उखळात घातलं, ते डुगडुगलं. सगळ्या बायकांनी गंभीर चेहऱ्यानं माना हलवल्या. साहेब वाकून बघत राहिले. मीसुद्धा वाकून बघितलं आणि मला भरून आलं. मला वाटलं, केवढं हे लोकज्ञान, आणि आपण याला गावंढळ म्हणत होतो.

कोणतंही मुसळ कोणत्याही उखळात बसतं, वाचकहो. मुठीत सैल धरलं की डुगडुगतं. हे मला माझ्या सासरी, मुरबाडकडे, पहिल्यांदा स्वतः कांडायला बसले तेव्हा कळलं, आणि मी मुसळ हातात घेऊन एकटीच इतकी हसले की सासू बघायला बाहेर आली. काकीला विचारलं तर ती म्हणाली, "उखळं खरीच व्हती ना? नुसतं खरं बगायला मानसाला कंटाळा येतो." म्हणजे माझ्या घोड्यात आणि तिच्या मुसळात फरक एवढाच, की तिनं खोटं खऱ्याला लावलं आणि मी खऱ्याच्या जागी.

पण त्या दिवशी साहेब काही नवखे नव्हते. ते हसले आणि म्हणाले, "आजी, याचा पंचनामा कसा लिहू?" आणि पेनाचं टोपण लावायला लागले. ते टोपण बसल्याचा टक असा आवाज झाला. बानं खाली बघितलं. काकी साहेबांकडे बघेना, कुणाकडेच बघेना. ती तशीच पाण्यात शिरली, गुडघाभर, आणि पायानं चाचपत फिरायला लागली, डोळे कुठंतरी डोंगरावर ठेवून, अंधारात उंबरठा शोधावा तशी. दहा-बारा पावलं इकडं, चार तिकडं. मग थांबली. "हितं," म्हणाली. आणि मला हाक मारली. "बेबे, ये. तू काड. तूच बुडवलंस ना."

माझा तो इस्त्रीचाच ड्रेस होता. मी पाण्यात गेले. पायाखाली गाळ, आणि गाळाखाली अचानक कडक, थंड, गोल कड. खाली बसले तर पाणी गळ्याशी आलं. वेण्या पाण्यावर तरंगल्या. हातानं गाळ उपसला, तर चीप लागली, मातीनं गच्च बसलेली. नखं मोडली. कुडाआड खिंकाळणारी पोरं काठावर उभी होती, पण खिंकाळलं कुणी नाही. चीप सुटली, मी कोपरापर्यंत हात आत घातला आणि तळाशी जे होतं ते मुठीत धरून बाहेर काढलं. काळा लगदा. गेल्या माघातले वाल. अकरा-बारा महिने दगडाआड कुजलेले. तो वास काय होता ते मी सांगू शकत नाही. पुढं तीन बाळंतपणं झाली, घरात उंदीर मेले, पण तसा वास पुन्हा आला नाही. मी तशीच निथळत काठावर आले आणि मूठ साहेबांपुढं उघडली.

ते दोन पावलं मागं सरले. त्यांना तेव्हाही सर्दी होती, तरी सरले. "हे काय?" त्यांनी रुमालाआडून विचारलं.

माझ्याकडे सगळे शब्द होते. वास्तव्य होतं, पूर्वज होतं, शतकानुशतके होतं. मी म्हटलं, "आमच्या घरातले वाल हायत."

'हायत' म्हटलं. आय काठावरच होती, तिनं ते ऐकलं, आणि त्याचा तिनं माझ्यापुढं जन्मभर उच्चार केला नाही, एवढी ती थोर.

साहेबांनी मग आपण होऊन उघड्यावरच्या एका उखळाची चीप काढायला सांगितली. आत वाळून कोळसा झालेले वाल. दुसऱ्यात तेच. तिसरं उघडू नका म्हणाले. कागद जुना करता येतो, खळगा पाडता येतो, पण एवढा घाण पुरावा कुणी मुद्दाम करून ठेवणार नाही, असं ते बाला म्हणाले, आणि खडकावर बसून त्यांनी पंचनामा लिहिला. उखळ एक, अमुक घरचं. उखळ दोन, तमुक घरचं. पाण्यातली काकीनं पायानं दाखवली, साहेबांनी काठावरून मोजली. बावीस. दुपारी ते आमच्याकडे जेवले. काकीनं बिरडंच केलं होतं, मुद्दाम की काय कोण जाणे. साहेबांनी हात तीन वेळा धुतले, ताटातल्या वालाकडे जरा वेळ बघितलं, आणि मग दोनदा मागून घेतलं. त्या वर्षी माळ बावीस घरांच्या नावावर पेरणीला मिळाला, आणि त्यानंतर दरवर्षी त्याच पंचनाम्यावर. जीपवाला बागायतदार पुन्हा आला तो काकड्या विकत घ्यायला.

पुढं माझं लग्न मुरबाडकडे झालं. वस्तीवर विजेचे खांब आले, मग रस्ता आला, आसनगावहून गाडी पकडून नोकरीला जाणारी पोरं आली. दगडाला वाल आता दोन-तीन घरं घालतात, तीही आठवण आली तर. काकी गेली, तिचं मुसळ मी मागून आणलं, सध्या ते आमच्या मागच्या दाराला अडसर म्हणून आहे आणि चोख काम करतं. तिच्या सहा ओळी कुठल्याशा फायलीत असतील. त्या कुणालाच पाठ नाहीत.

माझी तीन पानं मात्र गणूदादानं ऑफिसातून परत मागून आणली होती, हे मला फार उशिरा कळलं. मरेपर्यंत तो ती गोष्ट पोरांना सांगत होता. गेल्या उन्हाळ्यात नात माझ्या माहेरी, वरच्या पांगारीला, राहून आली आणि घरात पाय ठेवल्या ठेवल्या सांगायला लागली की आजी, तुझ्या गावात एक राणी आली होती, खरंच, तुझ्या बाच्या आंब्याला आता पार बांधलाय, शेंदूर लावलाय, तिथं तिचा घोडा बांधला होता, सगळ्यांना माहीत आहे, तुलाच कसं नाही?

मी हातातलं काम बाजूला ठेवलं. खरं सांगायची हीच वेळ होती, आणि मी सांगणारही होते. पण आधी विचारलं, "घोडा कुठल्या रंगाचा म्हणाले?"

"पांढरा."

"तांबडा," मी म्हटलं. "कुणी सांगितलं पांढरा? काही माहीत नसतं लोकांना."